दोन अनुच्चारित शब्द : अमेरिकी संघराज्याचा पूर्वकाल

इ. स. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे सिद्ध झालेल्या अमेरिकी राज्यघटनेत काय आहे याची चर्चा विपुल झाली आहे. तिच्यात काय नाही, हा प्रश्नही तितकाच फलदायी ठरतो. या घटनेत त्या देशाला उद्देशून ‘राष्ट्र’ हा शब्द एकदाही योजलेला नाही. तो येतो तो परकीय राष्ट्रांशी चालणाऱ्या व्यापाराच्या किंवा आंतरराष्ट्रीय विधीच्या संदर्भात. आणि १७९० च्या शिरगणतीप्रमाणे ज्या देशात जवळजवळ सात लक्ष माणसे गुलामगिरीत होती, त्या देशाच्या घटनेत ‘गुलाम’ हा शब्दही आढळत नाही.

ही दोन्ही मौने बुद्धिपुरस्सर पाळलेली होती. परिषदेपुढे आलेल्या व्हर्जिनियाच्या ठरावांत ‘राष्ट्रीय शासन’ हा शब्दप्रयोग होता. २० जून रोजी कनेटिकटचे ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी तो गाळून ‘संयुक्त संस्थानांचे शासन’ असे शब्द घालावेत अशी सूचना केली व ती विनाविरोध संमत झाली. घटनेतील राजद्रोहाच्या कलमात संयुक्त संस्थानांसाठी बहुवचनी सर्वनाम आहे. ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ ही मराठीतील जुनी संज्ञा या बहुवचनाशी इमान राखून आहे, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. ‘आम्ही लोक’ या प्रास्ताविकातील शब्दांचा पुढे राष्ट्रवाद्यांनी मोठा आधार घेतला. परंतु ऑगस्टच्या मसुद्यात त्यांच्यापुढे तेराही राज्यांची नावे होती. नऊ राज्यांच्या मान्यतेने घटना अमलात यावयाची होती आणि ती नऊ कोणती हे आधी कळणे शक्य नव्हते. तेव्हा नावे गाळण्यात सोयीचाही भाग होताच. व्हर्जिनियाच्या पॅट्रिक हेन्री यांनी मात्र १७८८ मध्ये नेमके या शब्दांवरच बोट ठेवले : ‘आम्ही राज्ये’ असे न म्हणता ‘आम्ही लोक’ असे म्हणण्याचा अधिकार परिषदेला कोणी दिला?

दुसरे मौन अधिक अवघड होते. प्रतिनिधिसंख्या ठरविताना गुलामांची गणना तीन-पंचमांश करावयाची, १८०८ पूर्वी त्यांच्या आयातीस बंदी घालावयाची नाही, पळालेल्यास परत करावयाचे, अशा तीन तरतुदी घटनेत आल्या; परंतु त्या ‘इतर व्यक्ती’, ‘अशा व्यक्ती’, ‘सेवेस बांधलेली व्यक्ती’ अशा आडवळणांनी आल्या. माणूस ही मालमत्ता होऊ शकते ही कल्पना घटनेत येऊ देणे मॅडिसन यांना गैर वाटत होते. ते स्वतः गुलामांचे मालक होते. मेरीलँडचे ल्यूथर मार्टिन यांनी पुढील वर्षी रोखठोक लिहिले की, कानाला न रुचणारे शब्द टाळले गेले, वस्तू मात्र स्वीकारली गेली. दक्षिणेच्या प्रतिनिधींना शब्दांशी कर्तव्य नव्हते. आशय त्यांच्या पदरात पडला होता.

अशा रीतीने संघ जुळून आला. परंतु संघ म्हणजे राज्याराज्यांतील करार की एकसंध जनतेची निर्मिती, हा प्रश्न अनिर्णित राहिला आणि ज्याला जेव्हा गरज पडेल तेव्हा त्याने आपल्याला हवे ते उत्तर उचलावे अशी स्थिती झाली. १७९८ मध्ये जेफर्सन यांनी केंटकीच्या ठरावांत करारवाद मांडला. १८१२ च्या युद्धाने व्यापार बुडालेल्या न्यू इंग्लंडने १८१४-१५ मध्ये हार्टफर्ड येथे त्याच वळणाची भाषा वापरली. करारवाद ही केवळ दक्षिणेची मिरास होती, हा समज म्हणूनच टिकत नाही. कॅल्हून व डॅनिएल वेबस्टर यांची उदाहरणे तर बोलकी आहेत. १८१६ मध्ये दक्षिण कॅरोलायनाचे कॅल्हून संरक्षक जकातीचे पुरस्कर्ते होते आणि उत्तरेचे वेबस्टर तिचे विरोधक. १८३० मध्ये सिनेटमध्ये हेन यांना उत्तर देताना वेबस्टर संघाच्या अखंडत्वाचे वक्ते झाले. कॅल्हून त्यापूर्वीच, १८२८ मध्ये, उपाध्यक्षपदी असताना, राज्यांना केंद्रीय कायदा रद्दबातल ठरविता येतो असे निनावी प्रतिपादन करून चुकले होते. न्यू इंग्लंडमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या होत्या, दक्षिणेत कापूस पसरला होता. तत्त्वे त्यांच्या मागोमाग गेली.

मौनाचा पहिला स्फोट झाला तो मिसुरीच्या प्रवेशावर. फेब्रुवारी १८१९ मध्ये न्यूयॉर्कचे जेम्स टॉलमॅज यांनी त्या नव्या राज्यात आणखी गुलाम नेण्यास मनाई करावी व पुढे जन्मणारी मुले पंचविसाव्या वर्षी मुक्त व्हावीत अशी दुरुस्ती सुचविली. प्रतिनिधिगृहाने ती स्वीकारली, सिनेटने फेटाळली, आणि मते पक्षानुसार न पडता प्रदेशानुसार पडली. १८२० च्या तडजोडीने मेनला मुक्त व मिसुरीला गुलामधारक राज्य म्हणून वाट मिळाली. लुइझियाना प्रदेशाच्या उरलेल्या भागात ३६ अंश ३० मिनिटे ही अक्षांशरेषा सीमा ठरली. जो शब्द घटनेने उच्चारला नव्हता, तो आता नकाशावर उमटला. १७९० चे सात लक्ष गुलाम १८२० पर्यंत पंधरा लक्षांवर गेले होते.

नोव्हेंबर १८३२ मध्ये दक्षिण कॅरोलायनाने जकातीचे कायदे रद्दबातल घोषित केले, अध्यक्ष जॅक्सन यांनी डिसेंबरमध्ये कठोर जाहीरनामा काढला, आणि मार्च १८३३ मध्ये जकात क्रमाने उतरविण्याच्या तडजोडीने तो प्रसंग टळला. यासंबंधी कॅल्हून यांचे सप्टेंबर १८३० चे एक खासगी पत्र महत्त्वाचे आहे. जकात हे निमित्त आहे, खरे कारण दक्षिणेची विशिष्ट गृहसंस्था होय, असा त्यांचा आशय आहे. गुलामगिरीचे इतके उघड समर्थन करणाऱ्या मुत्सद्द्यानेही या जागी आडवळणाचाच शब्द निवडावा, हे विशेष!

फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांनी १८६१ मध्ये आपली घटना रचली ती बहुतांशी १७८७ च्याच शब्दांत. फरक केले ते निवडक : प्रास्ताविकात प्रत्येक राज्याचे सार्वभौमत्व घातले, ‘संघ’ हा शब्द तेथून काढला आणि ‘गुलाम’ हा शब्द उघडपणे लिहिला. मूळ घटनेत गुलामगिरी नावानिशी आली ती १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने, ती नष्ट करतानाच. गेटिसबर्गच्या छोट्या भाषणात लिंकन यांनी ‘राष्ट्र’ हा शब्द पाच वेळा उच्चारून दोन वर्षे उलटली होती. तरीही त्या दुरुस्तीत संयुक्त संस्थानांसाठी आलेले सर्वनाम बहुवचनीच आहे.