हजारात आठशे बावन्न

'द हंगर गेम्स' कसं सुचलं, ते सुझान कॉलिन्स यांनी मुलाखतींत सांगितलेलं आहे. रात्री त्या टीव्हीचे चॅनल बदलत बसल्या होत्या. एका चॅनलवर रिॲलिटी शोमध्ये तरुण पोरं स्पर्धा करत होती, दुसऱ्यावर इराक युद्धाची दृश्यं चालू होती. थकलेल्या नजरेला दोन्ही एकच वाटायला लागलं. २००८ साली पुस्तक आलं. त्यात मुलांना एकमेकांना मारण्यासाठी रिंगणात सोडतात आणि अख्खा देश ते टीव्हीवर बघतो.

मी आणि माझे मित्र इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ही पुस्तकं हातोहात फिरवून वाचायचो. कुमारवयीनांसाठी लिहिलेल्या या भयकथांची गंमत अशी, की प्रत्येकीची मूळ कल्पना एका वाक्यात सांगता येते. लोइस लौरी यांच्या 'द गिव्हर'मध्ये (१९९३) साऱ्या समाजाच्या आठवणी एकाच माणसाकडे ठेवलेल्या असतात. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या 'अग्लीज'मध्ये (२००५) सोळाव्या वर्षी प्रत्येकावर सुंदर करणारी शस्त्रक्रिया होते. व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'डायव्हर्जंट'मध्ये (२०११) सोळाव्या वर्षी पाच गटांपैकी एक निवडायचा, मग आयुष्यभर तोच. हे वाचताना शिकागो डोळ्यांसमोर येण्याऐवजी आम्हाला दहावीनंतरचं सायन्स, कॉमर्स, आर्ट्स आठवलं होतं.

नवी कल्पना ओढून घेते ती इथे. जग आहे तसंच ठेवायचं आणि एक नियम थोडा पुढे ढकलायचा. तो नियम वाचणाऱ्या पोराच्या घरात आधीपासून असतो, फक्त त्याला कोणी नियम म्हणत नाही. पुढे या पुस्तकांची लाट आली तेव्हा नक्कल झाली ती भिंतींची, गणवेशांची आणि बंडखोर नायिकांची. घरातला नियम शोधायचं काम मागे पडलं. 'डायव्हर्जंट'चा तिसरा चित्रपट २०१६ साली आपटला आणि चौथा निघालाच नाही.

मराठीत या प्रकाराचं वेगळं कपाट कधी नव्हतं. पण तशी कल्पना आपल्याकडे बरीच आधी येऊन गेली आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगला नारळीकरांच्या हस्ताक्षरात पाठवलेली होती. १९७९ सालच्या 'यक्षांची देणगी' या त्यांच्या संग्रहात 'पुत्रवती भव' नावाची एक कथा आहे. ती खास मुलांसाठी लिहिलेली नाही, पण हे पुस्तक हाती पडायचं ते साधारण आठवी-नववीतच.

मुलगाच व्हावा ही इच्छा पुरवण्याची सोय विज्ञानाने करून दिली, तर समाजाचं गणित कसं बिघडेल, हा त्या कथेचा विषय. मला त्यातलं शीर्षक सगळ्यात भयानक वाटतं. तो आशीर्वाद आहे. वाकून नमस्कार करणाऱ्या सुनेला कोणीही प्रेमाने द्यावा असा. पाश्चात्त्य भयकथेला जुलमी राजधानी लागते, राष्ट्राध्यक्ष लागतो, पहारे लागतात. या कल्पनेला त्यातलं काहीच लागत नाही. प्रत्येक घराने आपापली इच्छा पुरी करून घ्यायची, एवढंच. बेरीज आपोआप होते.

पुढचा इतिहास पुस्तकाबाहेरचा आहे. ऐंशीच्या दशकात गर्भजल परीक्षेचा वापर मुंबईत लिंग ओळखण्यासाठी सर्रास होऊ लागला. स्त्री संघटनांनी, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला असा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६पासून लागू झाला. २००३ साली त्यात दुरुस्ती करून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही बंदीत आणावी लागली, कारण तोवर तंत्र तिथवर पोचलं होतं.

आता आमच्याकडचं सांगतो. मी देवळाली प्रवऱ्याचा, राहुरी तालुका. ऊस, कालव्याचं पाणी, साखर कारखाने, शेजारी कृषी विद्यापीठ. मागासलेपणाचं कारण सांगता येऊ नये असा हा पट्टा. २००१च्या जनगणनेत आमच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या. २०११ साली ८५२. निसर्गावर सोडलं तर हा आकडा साडेनऊशेच्या आसपास असतो. म्हणजे दर हजार मुलांमागे सुमारे शंभर मुली कमी. कायदा लागू होऊन पंधरा वर्षं झाल्यावरचा हा हिशोब आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चूक झाली की सहसा त्याच आठवड्यात कोणीतरी ओरडतं. या चुकीला आवाज फुटायला पंचवीस वर्षं लागतात. २००१च्या मोजणीतल्या हजार मुलग्यांमध्ये मी होतो. माझ्याबरोबर मोजलेली पोरं आता लग्नाच्या बाजारात उभी आहेत, काही त्यातून बाहेर पडायला आली आहेत. गावाकडे गेलं की पारावरची चर्चा कांद्याच्या भावावरून तिथेच घसरते. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. आम्हाला बायको मिळवून द्या, आणि लिंगनिदान बंदीचा कायदा कडक राबवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. बातमीवर लोक पोट धरून हसले. मला ते एखाद्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाटलं.

लग्नं न जमण्याला हे एकच कारण नाही, हेही खरं. शेतीचं उत्पन्न बेभरवशाचं आहे, मुली शिकल्या आहेत, त्यांना नोकरीवाला आणि शहरातला मुलगा हवा आहे. त्यात त्यांचं काय चुकलं? पण हजाराच्या रांगेत आठशे बावन्न जागा असतील, तर बाकी सगळी कारणं सोडवूनही रांग संपत नाही. आणि मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल, हा हिशोबही फसवा आहे. वस्तूची किंमत वाढते तेव्हा तिच्याभोवतीचं कुलूपही जड होतं. लवकर लग्न उरकणं, कॉलेजला जाताना भावाने सोडायला येणं, मोबाइल तपासणं, हा सगळा पहारा मुलीच्याच वाट्याला येतो.

२०११ साली मोजलेली ती ८५२वाली मुलं आज पंधरा ते एकवीस वर्षांची आहेत. कुमारवयीनांची पुस्तकं लिहिली जातात ती नेमकी याच वयासाठी. त्यांच्या हातात आज पानेमचे बारा जिल्हे आहेत, आणि ती पुस्तकं चांगलीच आहेत. पण त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याची गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नाही. नारळीकरांनी ती येणार म्हणून लिहिली होती. ते २० मे २०२५ रोजी गेले. आता ती येऊन गेल्यावरची लिहायला हवी, आणि ती आतल्या माणसाने लिहावी. शक्यतो एखाद्या मुलीने. वर्गातल्या मोकळ्या बाकांची संख्या तिला जनगणनेच्या आधीपासून माहीत असते.