घरातले मौन : १९३५ ते आज

इ. स. १९३५. इंग्लंडमधील लिंकन येथे चॅड व्हारा या तरुण धर्मोपदेशकाला आपल्या कारकिर्दीतला पहिला अंत्यविधी करावा लागला, तो एका १४ वर्षांच्या मुलीचा. मासिक पाळी सुरू झाली, ती तिला गुप्तरोग वाटली, आणि तिने जीव दिला. विचारावे असे तिला कोणी नव्हते.

ही कथा आम्हांला परकी वाटत नाही. आई बाजूला का बसली आहे, या मुलाच्या प्रश्नाला आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या 'कावळा शिवला' एवढेच उत्तर दिले. प्रश्न तिथेच मिटे.

त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवीत होते. घरात उच्चारता न येणारे प्रश्न वाचक त्यांना पत्राने विचारीत. १९३४ साली अशाच प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले; तरीही कर्व्यांना दंड झालाच.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे निवर्तले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, २ नोव्हेंबरला, व्हारांनी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये हताश माणसांसाठी दूरध्वनी सुरू केला. 'समॅरिटन्स' ही संस्था त्यातूनच उभी राहिली. आत्महत्येचा प्रयत्न इंग्लंडात तेव्हा गुन्हा होता. तो १९६१ पर्यंत तसाच राहिला. भेटीसाठी थांबलेल्यांना स्वयंसेवक चहा देत, त्यांचे बोलणे ऐकत. पुष्कळ जण तेवढ्यानेच हलके होऊन परत जातात, हे व्हारांच्या ध्यानात आले. १९५४ साली त्यांनी ते काम स्वयंसेवकांच्याच हाती दिले.

कर्वे उत्तरे देत होते; उत्तराआधी ऐकून घ्यावे लागते, हे व्हारांना उमगले. आपल्या घरांत या दोहोंची जागा बहुधा उपदेश घेतो. किशोरवयीन मूल स्वतःला इजा करून घेते, तेव्हा त्याला मरायचेच असते असे नाही. असह्य झालेल्या भावनेतून सुटण्याची ती धडपडही असते. अशा वेळी आईवडिलांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "आम्ही तुला काय कमी केले?" तो मायेपोटीच निघतो. मुलाला मात्र त्यात कृतघ्नतेचा आरोप ऐकू येतो, आणि ते पुन्हा गप्प होते.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे, असे गृहीत धरले. २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. कायद्याने जे गृहीत धरले, ते घराने धरायला अजून किती वर्षे लागावीत?