मोठ्या मुलाची बाबागाडी

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली, 1990 च्या दशकाच्या अखेरची ही घटना आहे. उत्तर भारतातील एका जिल्ह्यात माझी नेमणूक होती. तालुक्याच्या शाळेच्या पटांगणात अपंग व्यक्तींना साहित्य वाटपाचे शिबिर भरले होते. रांगेत एक बाई अकरा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन उभी होती. मुलाचे पाय तिच्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होते आणि मान तिच्या खांद्यावर कललेली होती. दाखल्यावर "चलनवलन अपंगत्व, 80 टक्के" असे लिहिलेले होते. यादीत त्यासमोर हाताने पेडल फिरवायची तीनचाकी सायकल होती. ती तिला दिली गेली. नोंदवहीत मी सही केली.

दोन महिन्यांनी त्याच गावी गेलो, तेव्हा ती सायकल दिसली. तिच्यावर पाण्याचे डबे लादलेले होते. शासकीय वस्तूचा दुरुपयोग म्हणून मी जरा आवाज चढवूनच विचारले. ती बाई शांतपणे म्हणाली, "साहब, याला पेडल फिरवता आलं असतं, तर मी याला कडेवर कशाला आणलं असतं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. एका गोष्टीचे मात्र आश्चर्य वाटत राहिले. त्या यादीत इतक्या वस्तू होत्या; कुबड्या, कॅलिपर, तीनचाकी, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र. मग ज्या मुलाला दुसऱ्याने ढकलत न्यावे लागते, त्याच्यासाठी त्यात काहीच का नसावे? याचा शोध घेताना लक्षात आले, की शासनाची प्रत्येक यादी हा एक इतिहास असतो. ती कोणाकडे पाहून तयार झाली, हे तिच्या रकान्यांतून कळते.

आपल्याकडील यादीची सुरुवात युद्धातून झाली. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी 1944 मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. 1955 मध्ये मुंबईत हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. 1968 मध्ये जयपूरला पंडित रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून "जयपूर फूट" जन्माला आला. 1972 मध्ये कानपूरला भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम, म्हणजे अलिम्को, स्थापन झाला आणि 1976 पासून तिथे उत्पादन सुरू झाले. पुढे 1981 मध्ये केंद्र शासनाने अपंग व्यक्तींना उपकरणे घेण्यासाठी साहाय्य देणारी योजना आणली. ती "अॅडिप" या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाते.

या सर्व काळात शासनाच्या डोळ्यांसमोर दोनच माणसे होती. एक पाय गमावलेला सैनिक किंवा कामगार, आणि दुसरे पोलिओ झालेले मूल. दोघांचेही पाय साथ देत नसले, तरी हात बळकट असत. अशा माणसासाठी हाताची तीनचाकी हे अत्यंत समर्पक उत्तर होते. ती कच्च्या रस्त्यावर चालते आणि गावातला सायकलवाला ती दुरुस्त करतो. तिने लाखो लोकांना घराबाहेर काढले. तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. चूक एवढीच झाली, की एका प्रश्नाचे चांगले उत्तर सापडल्यावर आपण ते सगळ्याच प्रश्नांना देऊ लागलो.

सेरेब्रल पाल्सीचा प्रश्न वेगळा आहे. इथे बिघाड पायात नसतो. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवरचा ताबा सुटलेला असतो. तीव्र स्वरूपात मुलाला मान सावरता येत नाही, धड सरळ राहत नाही, हात मनाप्रमाणे वळत नाहीत. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत असते. मुंबईत मिठू अलूर यांनी 1972 मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली, तेव्हा या मुलांच्या शिक्षणाकडे देशाचे प्रथमच गंभीरपणे लक्ष गेले. पण कायद्यात या मुलांना जागा मिळायला आणखी तेवीस वर्षे लागली. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने चलनवलन अपंगत्वाची व्याख्या करताना हाडे, सांधे व स्नायूंच्या दोषांचा उल्लेख केला आणि त्याच वाक्याच्या शेवटी कोणत्याही प्रकारचा सेरेब्रल पाल्सी जोडला. त्यामुळे या मुलांना दाखला मिळू लागला, हा मोठाच लाभ होता. पण दाखल्यावर पोलिओचे मूल आणि हे मूल एकाच नावाने नोंदले जाऊ लागले. माझ्यासमोरच्या कागदावर "80 टक्के" होते. हात चालतात की नाही, हे त्यात कुठेच नव्हते.

यादीत पुढे "सीपी चेअर" आली. पट्टे आणि टेबलाची फळी असलेली ही खुर्ची मुलाला नीट बसवण्यासाठी चांगली आहे. पण ती मुख्यतः बसण्याची वस्तू आहे. गावच्या रस्त्याने शाळेपर्यंत नेण्याची नव्हे. दरम्यान 1995 मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, जानेवारी 2011 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण हावड्यात आढळला आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. ज्या मुलाकडे पाहून यादी तयार झाली होती, ते मूल सुदैवाने आता जन्माला येत नाही. यादी मात्र बराच काळ त्याचीच वाट पाहत राहिली.

जगाच्या इतिहासातही हीच फट दिसते. बाबागाडीचा उगम 1733 मधला सांगतात; विल्यम केंट यांनी इंग्लंडमधील एका ड्यूकच्या मुलांसाठी लहान जनावराने ओढायची गाडी तयार केली होती. दुमडणारी आधुनिक चाकाची खुर्ची 1933 मध्ये अमेरिकेत एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या दोन अभियंत्यांनी घडवली. त्यांपैकी एव्हरेस्ट स्वतः खाणीतील अपघातात जायबंदी झालेले होते. 1965 मध्ये ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी काढली. म्हणजे एक घराणे तान्ह्या मुलाचे आणि दुसरे प्रौढ माणसाचे. वाढलेले, पण स्वतः गाडी न चालवू शकणारे मूल या दोहोंच्या मध्ये राहिले. पुढे मॅक्लारेनच्याच नावाने "मेजर" ही मोठ्या मुलांची गाडी निघाली आणि इतर कंपन्यांनी मान, धड व पाय यांना आधार देणाऱ्या विशेष गाड्या काढल्या.

आपल्या सीमाशुल्काच्या कोष्टकातही ही फट छापील स्वरूपात पाहायला मिळते. 1988 पासून जगभर लागू झालेल्या वर्गीकरणात 8713 हा क्रमांक अपंगांच्या गाड्यांचा आहे आणि 8715 हा बाबागाड्यांचा. मधला 8714 सुट्या भागांचा! परदेशातून आलेली मोठ्या मुलाची गाडी दिसते बाबागाडीसारखी आणि काम करते चाकाच्या खुर्चीचे. तिला कोणत्या रकान्यात घालावे, हा प्रश्न बंदरावरच्या अधिकाऱ्यापुढे येतो आणि त्याचा भुर्दंड आईबापांच्या खिशाला बसू शकतो. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा 8713 वर 5 टक्के कर लागला. त्यावर टीका झाली. कर शून्य केला तर देशी उत्पादकाला कच्च्या मालावरील कराची वजावट मिळणार नाही, असे शासनाचे उत्तर होते. ते तर्काला धरून होते. पण खरा भार कराचा नाहीच. अशा आयात गाडीची किंमत अनेकदा पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. अॅडिप योजनेत 2014 च्या सुधारणेनंतर सर्वसाधारण उपकरणासाठी मदतीची मर्यादा 10,000 रुपये होती. पुढे ती वाढली, तरी अंतर मिटले नाही. त्याच सुधारणेत मोटर लावलेल्या वाहनासाठी 25,000 रुपये ठेवले गेले, पण वयाची अट 16 वर्षांची होती. म्हणजे साधारण सहा ते सोळा या शाळेच्या वयातच हातात काही नाही.

मग आईबाप काय करतात? पाच-सहा वर्षांपर्यंत साधी बाबागाडी पुरते. त्यानंतर कापडाची झोळी खोल जाते, मुलाचे गुडघे आत वळतात, पाठीला बाक येतो. कोणी प्लॅस्टिकच्या खुर्चीला जुन्या सायकलची चाके जोडून घेतात, कोणी भाजीच्या हातगाडीवर गादी घालतात. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतील खेड्यांत केलेल्या कामावरून 1987 मध्ये अपंग ग्रामीण मुलांविषयी एक मोठे पुस्तक लिहिले. त्यात स्थानिक लाकूड, लोखंड आणि सायकलचे भाग वापरून अशा गाड्या कशा कराव्यात, याच्या आकृत्या आहेत. म्हणजे ज्ञान दुर्मीळ नाही. स्वस्त गाडी बनवणे आपल्या कुठल्याही तालुक्यातील वेल्डरला जमते. त्याला जमत नाही ते माप. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची आणि डोक्याचा आधार ही मापे फिजिओथेरपिस्टने घ्यावी लागतात. आसन दोन इंच जास्त रुंद झाले, तर मूल एका बाजूला कलंडते आणि काही वर्षांत कणा तसाच वाकडा होतो.

इथेच प्रशासनाचा संबंध येतो. अॅडिपच्या नियमांत एक शहाणपणाची तरतूद आहे. तेच उपकरण पुन्हा मिळण्यासाठी इतरांना तीन वर्षे थांबावे लागते, तर बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची ठेवली गेली. मूल वाढते, हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक होते. पण शिबिराला ते ठाऊक नसते. तपासणीचे शिबिर आणि वाटपाचे शिबिर यांत कित्येक महिने जातात. तोवर मापे बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये चाकाच्या खुर्चीच्या वाटपाचे आठ टप्पे सांगितले. त्यांत जुळवणी, वापराचे प्रशिक्षण आणि नंतरची देखभाल व दुरुस्ती हे शेवटचे तीन आहेत. आपली शिबिरे पुष्कळदा त्यांच्या आधीच, छायाचित्रापाशी संपतात.

याची खरी किंमत शाळेच्या हजेरीपटावर दिसते. शिक्षण हक्क कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती होऊन तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. पर्याय म्हणून तो योग्यच आहे. पण जे मूल केवळ गाडी नाही म्हणून घरी राहते, त्याच्यापुढेही "गृहाधारित शिक्षण" असे लिहिले जाते आणि मग ते कोणाच्याच चिंतेचा विषय राहत नाही. वास्तविक 2016 च्या कायद्याचे कलम 17 अशा विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत योग्य साहाय्यक उपकरणे विनामूल्य देण्यास सांगते.

पुढे दुसऱ्या एका जिल्ह्यात मी एक छोटा प्रयोग केला. मुलाला लहान झालेली गाडी परत घ्यायची, वेल्डरकडून दुरुस्त करायची, फिजिओथेरपिस्टने पट्टे आणि उशा बदलायच्या आणि धाकट्या मुलाला द्यायची. एकच गाडी तीन-चार मुलांना पुरली, तर खर्च आपोआप विभागला जातो. दीड वर्ष हे बरे चालले. मग लेखापरीक्षणात आक्षेप आला, की लाभार्थ्याला वाटप झालेली वस्तू भांडारात परत कशी आली? आक्षेप नियमाला धरून होता. जडवस्तू नोंदवहीत वस्तू बाहेर जाण्याचा रकाना होता, पण परत येण्याचा नव्हता. गाड्या "वाटप" न म्हणता "वापरासाठी उसन्या" अशा दाखवून आम्ही तो मिटवला. माझ्या बदलीनंतर ती व्यवस्था बंद पडली. ती माझ्या उत्साहावर उभी होती, लेखी आदेशावर नव्हती, हा दोष माझाच.

तरुण अधिकारी मित्रांना म्हणून तीन गोष्टी सुचवतो. यादीत "दुसऱ्याने ढकलावयाची, आधारयुक्त, वाढवता येणारी गाडी" अशी स्वतंत्र नोंद करून घ्यावी. ज्या वस्तूला नाव नाही, तिची निविदा निघत नाही आणि निविदेवाचून किंमत उतरत नाही. जिल्हा पुनर्वसन केंद्रात परतीच्या गाड्यांचे भांडार लेखी आदेशाने सुरू करावे. आणि अर्जावर टक्केवारीच्या खाली तीन प्रश्न छापावेत: गाडी कोण ढकलणार, कोणत्या रस्त्याने, आणि घराचे दार किती रुंद आहे? यांतल्या तिसऱ्या सूचनेला तर कोणाची मंजुरीही लागत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मला कळले नाही. त्या शिबिराच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे "लाभ दिला" असे लिहिलेले आहे आणि खाली माझी सही आहे. ती नोंद खरी नव्हती.