‘गोल्डन’ आणि ‘गिल्डेड’ : एका मूल्यशब्दाचा इतिहास

इंग्रजीतील ‘गोल्ड’ या नामाभोवतीच्या शब्दांचा इतिहास केवळ व्युत्पत्तिशास्त्राच्या कक्षेत राहत नाही. इंग्रजी समीक्षेने आपले मूल्यनिर्णय ज्या शब्दांतून मांडले, त्यांचाही तो इतिहास आहे. प्राचीन इंग्रजीत सोन्याच्या वस्तूला ‘ग्युल्डेन’ हे विशेषण लागे. मध्ययुगीन इंग्रजीत नामाच्या सादृश्याने ‘गोल्डन’ हे रूप घडले आणि जुने विशेषण मागे पडले. त्याच मुळाचे ‘गिल्ड’ हे क्रियापद मात्र टिकले. परिणामी एकाच मुळातून सोने आणि सोन्याचा मुलामा अशा दोन परस्परसंशयी कल्पना निघाल्या. मराठीत ‘सोन्याचा’ आणि ‘सोनेरी’ ही जोडी द्रव्य आणि रंग यांची फारकत करते. इंग्रजीत ‘गोल्डन’ दोन्ही अर्थ वाहतो, आणि फारकत पडते ती अस्सल व वरपांगी यांच्यात.

या फारकतीचा सर्वांत भीषण उपयोग शेक्सपिअरने केला. ‘मॅक्बेथ’च्या दुसऱ्या अंकात लेडी मॅक्बेथ झोपलेल्या सेवकांचे चेहरे रक्ताने ‘गिल्ड’ करण्याची भाषा बोलते, कारण अपराध त्यांचा भासला पाहिजे. ‘गिल्ट’ (मुलामा) आणि ‘गिल्ट’ (अपराध) या शब्दांचा परस्परांशी व्युत्पत्तिसंबंध नाही. श्लेषाने तो क्षणभर निर्माण होतो. पुढच्याच प्रवेशात मॅक्बेथ डंकनच्या रक्ताला ‘गोल्डन’ म्हणतो. मारेकऱ्याच्या तोंडी आलेले हे अलंकरण स्वतःच एक मुलामा आहे, आणि तो ऐकताना प्रेक्षकाला पत्नीचा श्लेष आठवावा अशी ही योजना दिसते. ‘किंग जॉन’मध्ये शुद्ध सोन्यावर मुलामा चढवण्याचा व्यर्थपणा सांगितला आहे, लोकव्यवहाराने त्याच ओळीतील लिलीचे फूल रंगवण्याची कल्पना त्याच्याशी मिसळून टाकली.

लॅटिनमधून आलेल्या ‘ऑरिएट’ या शब्दाचे दैव वेगळे. पंधराव्या शतकात लिडगेटच्या परंपरेत तो लॅटिनप्रचुर, झळाळत्या शैलीचा गौरव होता. नंतरच्या समीक्षकांच्या हाती तोच बोजड शब्दावडंबराचा आरोप ठरला. ट्वेन आणि वॉर्नर यांच्या 1873 च्या कादंबरीने ‘गिल्डेड एज’ हे नाव रूढ केले, तेव्हा उपरोध स्पष्ट होता.

खरा प्रश्न उभा राहतो तो ‘गोल्डन’विषयी. सिडनीने 1595 मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या काव्यसमर्थनात निसर्गाचे जग पितळेचे आणि कवीचे सोन्याचे मानले. सी. एस. लुईस यांनी 1954 च्या सोळाव्या शतकावरील ग्रंथात ‘ड्रॅब’ आणि ‘गोल्डन’ असे दोन कालखंड कल्पिले, आणि ‘ड्रॅब’ ही निंदा नव्हे असा खुलासाही केला. पण हेसिअड आणि ओव्हिड यांच्यापासून ज्या शब्दाने श्रेष्ठत्व मिरवले, त्याला केवळ वर्णनात्मक संज्ञा म्हणून वापरता येईल, हा विश्वास भाबडा वाटतो. खुलासा तळटीपेइतकाच बलवान; शब्द मात्र प्रकरणाच्या शीर्षावर. वायट त्यामुळे ‘ड्रॅब’ विभागात जाऊन बसतो. त्याआधी, 1939 मध्येच, आयव्हर विंटर्स यांनी सोळाव्या शतकातील साध्या शैलीच्या गीतांना पेत्रार्कपंथी अलंकृत काव्याहून वरचे स्थान दिले होते.