समोरचा दात तुटला? तात्पुरती कॅप अशी बनते
तुटलेल्या दातावर कायमची कॅप बसेपर्यंत डेंटिस्ट तात्पुरती कॅप लावतात. ती फक्त दिसण्यापुरती नसते. आतला भाग उघडा राहिला तर गार-गरम झोंबतं, जंतुसंसर्गही होऊ शकतो.

आधी तुटलेला कोपरा मेणाने भरून साचा घेतात. मग दात घासून बारीक करतात, साच्यात दाताच्या रंगाचं रेझिन भरून तो परत दातावर दाबतात. काही मिनिटांत कॅप तयार! ती मुद्दाम कमी पकडीच्या सिमेंटने चिकटवतात, नंतर काढायची असते ना. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असलेलं सिमेंट इथे सहसा टाळतात, कारण त्याने रेझिन नीट घट्ट होत नाही.

फेविक्विकचा घरगुती जुगाड मात्र नकोच. तुकडा सापडला तर दुधात ठेवून लगेच डेंटिस्टकडे न्या. अनेकदा तोच परत चिकटवता येतो.