टर्मिनलची नोंद एसव्हीजीमध्ये नेताना ओळी का मोडतात? एका बिघाडाचा इतिहास 🧵

१/ टर्मिनलवर चाललेले काम टिपून त्याचे हलते एसव्हीजी चित्र करणे हा प्रोग्रामरांचा आता परिचित उद्योग आहे. असे चित्र कितीही मोठे केले तरी अक्षरे फुटत नाहीत. मात्र रूपांतरात ओळी जिन्यासारख्या घसरतात, चौकटी तुटतात, रंग बदलतात. यांपैकी काही बिघाडांची मुळे पडद्याच्याही आधीच्या यंत्रांत आहेत.

२/ प्रथम साधन तपासू. टर्मिनलची नोंद ही चित्रफीत नव्हे. संगणकाने टर्मिनलकडे काय धाडले, याची ती रोजकीर्द होय. १९७९ च्या ३बीएसडी युनिक्समधील ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा असा मजकूर फाइलीत उतरवीत असे. आजच्या ‘आस्कीनेमा’च्या नोंदीत मजकुरासोबत वेळही असते.

३/ या मजकुरात अदृश्य आज्ञा असतात. १९६३ च्या टेलिटाइप मॉडेल ३३ मध्ये छपाईचे डोके डावीकडे परत नेणे आणि कागद एक ओळ सरकवणे या दोन स्वतंत्र क्रिया होत्या. म्हणून त्यांना दोन स्वतंत्र चिन्हे मिळाली. नोंदीतून पहिले चिन्ह गळाले, की पुढची ओळ मागची जिथे संपली तिथूनच सुरू होते. जिना तयार होतो तो असा.

४/ १९७८ मध्ये डीईसी कंपनीचे व्हीटी१०० आले : ८० स्तंभ, २४ ओळी. ‘कर्सर अमुक ओळीवर न्या’, ‘पडदा पुसा’ अशा आज्ञा २७ क्रमांकाच्या एस्केप चिन्हाने सुरू होत. आजचे टर्मिनल प्रोग्राम बव्हंशी हीच भाषा बोलतात.

५/ एसव्हीजीला ही भाषा कळत नाही. २००१ मध्ये डब्ल्यू३सीने मान्यता दिलेल्या या मानकाला आकार, अक्षरे आणि त्यांची स्थाने ठाऊक आहेत, कर्सर नाही. म्हणून रूपांतरकाला आधी स्वतःच टर्मिनल व्हावे लागते. तो प्रत्येक आज्ञा पाळतो आणि प्रत्येक क्षणीचा पडदा रेखाटतो. एखादी आज्ञा त्याला अपरिचित असेल, तर तिथून पुढचे चित्र बिघडू शकते.

६/ दुसरे कारण मापाचे. १२० स्तंभांच्या पडद्यावरची नोंद ८० स्तंभांत उलगडली, तर लांब ओळी दुमडतात आणि कर्सर भलत्याच ओळीवर उतरतो. आस्कीनेमाच्या फाइलीत रुंदी व उंची आरंभीच लिहिलेली असते. प्रथम तीच पाहावी.

७/ रंगांचे तसेच. ‘३१’ म्हणजे लाल, एवढेच ही आज्ञा सांगते. कोणता लाल, हे पाहणाऱ्याचे टर्मिनल ठरवते. मूळ छटा हवी असल्यास आणि नोंदीत रंगसंच नसल्यास तो रूपांतरकाला वेगळा पुरवावा लागतो.

८/ फॉन्टचा प्रश्न अधिक फसवा आहे. वेबपानावर साध्या चित्रासारखे लावलेले एसव्हीजी बाहेरचा फॉन्ट मागवू शकत नाही. वाचकाच्या संगणकावर समान रुंदीचा दुसरा फॉन्ट आला, की चौकटींच्या रेघा जुळत नाहीत. उपाय : फॉन्ट फाइलीतच अंतर्भूत करणे.

९/ मराठी मजकुराची अडचण येथेच उघड होते. टर्मिनलची जाळी ‘एक अक्षर, एक घर’ या गृहीतकावर उभी आहे. ‘क्ष’ युनिकोडमध्ये तीन चिन्हांनी बनतो : क, हलन्त, ष. रूपांतरकाने प्रत्येक चिन्ह सुट्या घरात ठेवले, तर जोडाक्षर तुटते. इंग्रजी ओळ नीट आणि मराठी ओळ विस्कटलेली दिसली, तर दोष नोंदीचाच असेल असे नाही. मूळ फाइलीत तीनही चिन्हे क्रमाने शाबूत असू शकतात.

१०/ शेवटचे कारण आवृत्तीचे. आस्कीनेमाच्या दुसऱ्या स्वरूपात वेळ आरंभापासून मोजलेली असते, तर तिसऱ्यात मागील घटनेपासून. जुने साधन नवी फाइल नाकारते किंवा तिचा कालक्रम चुकवू शकते. अशा वेळी ती आधी दुसऱ्या स्वरूपात आणावी.

११/ म्हणून तपासाचा क्रम असा : स्वरूपाची आवृत्ती, पडद्याचे माप, ओळींची चिन्हे, अपरिचित आज्ञा आणि अखेरीस फॉन्ट व रंग. एसव्हीजी तयार झाल्यावर मूळ नोंद मात्र पुसू नये. चित्र ही एका साधनाने केलेली नक्कल आहे. अधिक चांगले साधन आल्यावर नवी नक्कल करता येईल ती मूळ नोंदीवरूनच.