फेरफाराची वही: वाशिमच्या जमीन-दप्तराचा इतिहास

फेरफार नोंदवही म्हणजे गावातील जमिनीच्या हक्कात झालेल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद. महसूल खात्याच्या भाषेत ती गाव नमुना सहा. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत शेतकऱ्याच्या हाती येणारा सातबारा या वहीवर उभा असतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी प्रोग्रॅममधील बदल सांभाळणारी व्हर्जन कंट्रोल प्रणाली तयार केली ती १९७० नंतर. बदलाला क्रमांक, तारीख, कारण आणि करणाऱ्याचे नाव जोडायचे आणि जुने काही पुसायचे नाही, ही तिची शिस्त महसुली दप्तराने त्याआधीच अंगी बाणवली होती. पुढे ही वहीही सर्व्हरवर गेली आणि दोन्ही परंपरा एका ठिकाणी आल्या.

वाशिम परिसरातील जमिनीच्या नोंदीचा जुना पुरावा ताम्रपटाचा आहे. आजचे वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी दिलेल्या दानाचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमला मिळाला. नांदेडच्या बाजूचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याचे आणि त्या गावाला कोणकोणत्या करांतून व त्रासांतून सूट आहे याचे तपशील त्यात प्राकृत आणि संस्कृत भाषेत कोरलेले आहेत. ताम्रपट टिकाऊ खरा, पण ती एकदाच कोरलेली नोंद. गाव पुढे कोणाकडे गेले आणि वाटण्या कशा झाल्या हे सांगायला त्यात जागा नव्हती.

अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत वाशिम हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे म्हणून येते. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने जमिनीची प्रत पाहून धारा ठरवण्याची पद्धत या भागात रुजवली. गावात पाटील आणि हिशेब लिहिणारा पांड्या, तर परगण्यात देशमुख आणि देशपांडे अशी जोडी असे. कागद मोडीत लिहिले जात आणि वतनदाराच्या घरीच राहत. एक हिशेब गावात, दुसरा परगण्याच्या दप्तरात असल्याने ताळा घेता येई, ही या रचनेची जमेची बाजू. दप्तर वतनदाराच्या मालकीचे होऊन बसे, ही तिची दुखरी बाजू. वाद पेटला की कागदापेक्षा गोतसभेच्या, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या सभेच्या, साक्षीवर भिस्त ठेवावी लागे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, बांधावर दगड आले, गावाचा नकाशा तयार झाला आणि शेतागणिक आकार ठरला. हा बंदोबस्त साधारण ३० वर्षांसाठी असे. १८७५ मध्ये वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ मध्ये तो मोडला, तेव्हा वाशिम आणि मंगरूळ तालुके अकोल्याला तर पुसद यवतमाळला जोडले गेले.

बंदोबस्ताच्या दप्तरात एक मोठी उणीव होती. ते मोजणीच्या दिवसाचे चित्र दाखवी. पुढच्या ३० वर्षांत खातेदार मरत, भाऊ वाटण्या करत, सावकार जमीन गहाण घेत, आणि कागदावर मात्र जुनेच नाव राही. बदल घडेल तसा टिपणारी अधिकार अभिलेखाची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली. वऱ्हाडात तिला १९२८ च्या जमीन महसूल संहितेने जागा दिली. जुन्या कागदांत आढळणारी ‘हक्कनोंदणी’ ती हीच.

यानंतर राज्ये बदलली, पण नोंदीची साखळी तुटली नाही. मध्यप्रांत व वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र असा या गावांचा प्रवास झाला. मध्यप्रदेशच्या १९५४ च्या संहितेच्या काळातील अधिकार अभिलेख विदर्भात आजही जमिनीचा भोगवटा वर्ग ठरवताना काढून पाहिले जातात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. तिच्याखालच्या १९७१ च्या नियमांनी नोंदवह्यांचे आजचे रूप पक्के केले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला.

संहितेतील कलम १४९ आणि १५० हा या पद्धतीचा कणा. वारसा, वाटणी, खरेदी, गहाण किंवा बक्षीस यांमुळे हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे. तलाठी नोंद धरतो आणि तिला गावाच्या वहीतील पुढचा क्रमांक मिळतो. नोंदीची प्रत चावडीवर लागते, हितसंबंध असलेल्या सर्वांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. त्याचा निकाल शक्यतो वर्षभरात लावावा असे कायदा सांगतो. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर अंमल दिला जातो. लिहिणारा एक आणि मान्यता देणारा दुसरा, ही विभागणी जाणीवपूर्वक ठेवलेली आहे.

अंमल देण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, रिसोड तालुक्यातील एखाद्या खातेदाराच्या मृत्यूनंतर पत्नी आणि दोन मुलांची वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर मृताचे नाव खोडायचे नाही. त्याला कंस करायचा. खाली तिन्ही वारसांची नावे लिहायची आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक टाकायचा. दहा वर्षांनी मुलांनी वाटणी केली तर पुन्हा कंस, पुन्हा नवा क्रमांक. बँकेचे कर्ज घेतले तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढतो आणि फेडले की नव्या फेरफारानेच उतरतो. चूक झाली असली तरी रीत हीच. प्रमाणित नोंद फाडता येत नाही. दुरुस्तीची वेगळी नोंद धरावी लागते. त्यामुळे वर्तुळातील क्रमांक धरून मागे मागे गेले की जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे उलगडत जाते.

सॉफ्टवेअरच्या जगाला हाच प्रश्न वेगळ्या कारणाने पडला. अनेक जण एकच प्रोग्रॅम बदलू लागले की कोणी काय बदलले याचा मेळ राहीना. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस ही प्रणाली लिहिली. पुढच्या दशकात वॉल्टर टिची यांची आरसीएस आली. ती शेवटची आवृत्ती पूर्ण साठवते आणि मागच्या आवृत्त्या फरकांच्या नोंदींवरून उलट दिशेने तयार करते. सातबारा आणि फेरफार यांचे नाते नेमके असेच आहे: आजची स्थिती एका पानावर, कालची स्थिती क्रमांकांच्या मागे. नंतर आलेल्या सबव्हर्जनने संपूर्ण साठ्याला एकच चढता क्रमांक दिला, जसा गावाच्या वहीला असतो. २००५ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी गिट लिहिले. त्यात प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीची गणिती खूण सोबत घेऊन चालते, म्हणून जुन्या मजकुराला गुपचूप हात लावला की पुढच्या सगळ्या खुणा बिघडतात.

अशा प्रणालीचा साठा ज्या सर्व्हरवर असतो तो चालवणाऱ्याची कामे ठरलेली आहेत. लिहिण्याचा अधिकार कोणाला हे ठरवणे, नोंद आत येण्याआधी तपासणी लावणे, बॅकअप घेणे, तो खरोखर परत उभा राहतो का ते पाहणे आणि साठ्यात बाहेरून थेट ढवळाढवळ होऊ न देणे. बिघाडही ओळखीचे असतात. सीव्हीएस या जुन्या व्हर्जन कंट्रोल प्रणालीत अनेक फायलींचा बदल चढवताना जोडणी तुटली तर निम्म्या फायली नव्या आणि निम्म्या जुन्या राहत. सबव्हर्जनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एखादे काम मध्येच बंद पडले की साठा अडकून बसे आणि प्रशासकाला तो सोडवावा लागे. महसुली दप्तरातील अनुभवी माणसाला यांतला पहिला बिघाड लगेच कळेल. फेरफार मंजूर झाला, पण सातबाऱ्यावर अंमल द्यायचा राहिला, ही गावोगावची जुनी तक्रार त्याच जातीची आहे.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात विदर्भातील वर्धा जिल्हा होता. पुढे राज्यभर हस्तलिखित सातबारे संगणकात चढवण्यात आले. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने ई-फेरफार प्रणाली तयार केली. या स्थित्यंतरात दप्तराने मोठी जोखीम पत्करली. संगणकात प्रामुख्याने सातबाऱ्याची चालू स्थिती चढली. तिच्यामागच्या जुन्या फेरफारांच्या वह्या कागदावरच राहिल्या. एखाद्या प्रकल्पाचा इतिहास मागे ठेवून फक्त शेवटची आवृत्ती नव्या सर्व्हरवर आणली तर जे होते तेच इथे झाले. १.२१ हेक्टरचे १.१२ झाले, आडनावात काना राहिला, एखाद्या सहहिस्सेदाराचे नाव गळले, आणि नेमके कुठे चुकले हे सांगणारा मागमूस संगणकात नव्हता. तो शोधायला तहसीलच्या रेकॉर्ड रूममधला बस्ताच सोडावा लागला.

दुरुस्तीचे काम टप्प्याटप्प्याने झाले. संगणकीय सातबारा हस्तलिखिताशी ताडून पाहण्यासाठी प्रणालीत एडिट आणि नंतर री-एडिट अशी सोय देण्यात आली. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. गावकऱ्यांसमोर सातबारे वाचले गेले आणि चुका टिपल्या गेल्या. डेटा कितीही यंत्रांवर तपासला तरी बांध कोणाचा कुठे हे गावालाच माहीत असते, म्हणून ही जुनी रीत नव्या प्रणालीला उपयोगी पडली. त्यानंतर उरलेल्या लेखनदोषांसाठी संहितेचे कलम १५५ आहे. तहसीलदार मूळ अभिलेख पाहून आदेश काढतो, त्या आदेशाचा फेरफार धरला जातो आणि मगच सातबारा बदलतो. संगणकावर बसलेल्या माणसाने थेट आकडा बदलणे या रीतीत बसत नाही, आणि बसता कामाही नये.

आजच्या व्यवस्थेत तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि मंडळ अधिकारी डिजिटल सही प्रमाणपत्र वापरून काम करतात. तालुक्याला नायब तहसीलदाराकडे डेटाबेस प्रशासकाची जबाबदारी असते. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती ऑनलाइन तहसीलकडे येते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. सोय वाढली तसे बिघाडाचे स्वरूपही बदलले. पूर्वी वही तलाठ्याकडे अडके; आता खरिपाच्या तोंडावर पीक कर्जासाठी एकाच वेळी सगळ्यांना सातबारा हवा असतो आणि ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द तहसीलच्या आवारात ऐकू येतात. ही अडचण खोळंबा करते, पण दप्तर बिघडवत नाही. खरी काळजी करायची ती जुळणीच्या दोषांची: सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या खात्याचा उतारा) यांतील खाते न जुळणे, किंवा गटाचे क्षेत्र भूमी अभिलेख कार्यालयातील आकारबंदाशी, म्हणजे मोजणीनुसारच्या क्षेत्राच्या नोंदीशी, न जुळणे. दोन कार्यालये दोन दप्तरे राखतात, त्यामुळे असा दोष एका टेबलावर सुटत नाही. मोजणीचा कागद आणि हक्काचा कागद एकत्र आणावा लागतो.

कायद्याच्या दृष्टीने या नोंदीचे वजन ठरलेले आहे. कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. पण फेरफाराने मालकी जन्माला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. नोंद चुकीची वाटली तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलाची वाट आहे.

म्हणून खातेदाराने सातबारा काढला की केवळ आपले नाव पाहून थांबू नये. वर्तुळातील प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल काढावी, क्षेत्राची बेरीज आठ-अ उताऱ्याशी ताडावी आणि तफावत दिसली तर कलम १५५ खाली लेखी अर्ज करावा. प्रशासनानेही जुन्या हस्तलिखित फेरफार वह्या, हक्कनोंदणी आणि १९५४ चे अभिलेख स्कॅन झाले म्हणून अडगळीत टाकू नयेत. सर्व्हरवरची चूक सिद्ध करणारा पुरावा आजही अनेकदा त्याच कागदांत आहे.